केजीएफचे बंगले पाडावेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, कर्नाटकातलं बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींचं गाव, त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय की गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांसाठी हळहळताय पण खाणीत मेलेल्या मजुरांवर एक ओळ नाही, असल्या गुलामीच्या खुणा पाडा आणि कारखाने आणा, पोरांना काम मिळेल. पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. क्लब, चर्च, बंगले यांच्यातच मी गुंतून गेले आणि ज्यांनी सोनं वर काढलं त्यांच्या लाइनी, म्हणजे मजुरांच्या चाळी, राहूनच गेल्या. चुकलंच माझं.

पण पाडा हे मात्र नाही पटत.

१८८० ला जॉन टेलर अँड सन्स ही ब्रिटिश खाण कंपनी आली आणि मग तमिळ, तेलुगू मुलखातून माणसं आणली गेली, त्यातली बहुतेक दलित. त्यांच्यासाठी ओळीने खोल्या बांधल्या, त्याच या लाइनी. एका घरातल्या आजींनी मला आत बोलावलं. दारात वाकावं लागलं, आत हात पसरले तर दोन्ही भिंतींना जवळजवळ टेकत होते, पत्र्यावर वारा धरू नये म्हणून दगड ठेवलेले. या एवढ्याशा खोलीत त्यांनी चार मुलं वाढवली, नवरा नाइट शिफ्ट करून आला की तो झोपावा म्हणून मुलांना दिवसभर बाहेर काढायच्या. तिथून थोडं चालत गेलं की मॅनेजरचा बंगला, त्याच्या नुसत्या व्हरांड्यात अशा चार खोल्या बसतील, आत शेकोटीसाठी चिमणी, पुढे बाग. हा फरक मी कितीही लिहिला तरी तुम्हाला तसा कळणार नाही, दोन्ही ठिकाणी उभं राहिलं की आपोआप कळतो. बंगला पाडला तर मजुरांवरच्या अन्यायाचा पुरावाच जातो हो, आणि लाइनी पाडल्या तर उरलेला बंगला नुसता छान दिसतो. दोन्ही हवेत.

आणि शाफ्टवरचे, म्हणजे खाणीत उतरायच्या खोल उभ्या विहिरींवरचे, ते लोखंडी मनोरे. इथली चॅम्पियन रीफ ही खाण ३ किलोमीटरच्याही खाली गेली होती, तळाला खडक ६० अंशांच्या पुढे तापलेला, त्यात रॉकबर्स्ट म्हणजे दाबाने खडकच फुटायचा, त्यातून जीव वाचला तरी छातीत सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग. त्याच खाणीत खोलवर आपल्या मुंबईच्या टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे जमिनीतूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, पकडले, जगात पहिल्यांदा ज्यांना ते दिसले त्यांच्यातले हे. हे मनोरे भंगारात घालायचे?

नोकऱ्यांचं तुमचं अगदी बरोबर आहे. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली, तेव्हापासून इथल्या मारिकुप्पम स्टेशनवरून पहाटेची ट्रेन धरून माणसं बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परततात. कारखाने यायलाच हवेत. पण बंद पडलेल्या खाण कंपनीची हजारो एकर जमीन पडून आहे, त्यासाठी क्लबची भिंत कशाला पाडायची? आधी ते सायनाइडचे डम्प बघा, सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर टाकलेल्या मातीचे डोंगरच आहेत ते, वारा सुटला की धूळ सरळ घरात येते, भांडायचं तर त्यावरून भांडू.

पुढच्या महिन्यात परत जातेय, यावेळी फक्त लाइनींसाठी. खाणीत काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर जरूर कळवा, त्यांना भेटून मगच लिहीन.