बिटाच्या रसाने आठ दिवसांत रक्त भरत नाही

माझी भाचेसून केज तालुक्यातल्या खेड्यात राहते. गेल्या महिन्यात ती वीस महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन अंबाजोगाईला माझ्याकडे आली. "आत्या, तीन आठवडे रोज बिटाचा रस दिला, तरी पोरगी नुसती मांडीवर पडून राहते." मी लेकराची खालची पापणी ओढून पाहिली, मग तिचा तळवा माझ्या तळव्याशेजारी धरला. दोन्ही पांढरेफट्ट. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं 6.4. मी पंचवीस वर्षं लॅबमध्ये रक्तच तपासत आले, तरी तो आकडा वाचून हात थरथरला. 7 च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, लेकराला दवाखान्यात दाखल करायची वेळ.

रसाची कल्पना कुठून आली म्हणून विचारलं, तर तिने मोबाईलवर एक ऑडिओ लावून दिला. बचतगटाच्या ग्रुपवर आलेला. त्यातली बाई सांगते: अंगणवाडीतलं लोहाचं औषध म्हणजे केमिकल, त्याने शी काळी होते म्हणजे आतडी जळतात. ते बंद करा. बीट, डाळिंब आणि गूळ द्या, आठ दिवसांत रक्त बारावर जातं. लहान बाळाला रस मधातून द्या. माती खाणारं लेकरू कॅल्शियमला कमी असतं. गाल लाल असले की तपासायची गरज नाही. शेवटी, प्रत्येक आईपर्यंत पोचवा.

पोचलाच की. आमच्या घरापर्यंत पोचला.

आधी बिटाचं बघू, कारण सगळ्यांचा विश्वास त्याच्यावर. रस लाल आणि रक्त लाल, एवढ्यावर हा सगळा उपचार उभा आहे. बिटाचा रंग बिटाचा, त्याचा लोहाशी काही संबंध नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्यात 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. डाळिंबात त्याहून कमी. आता हिशोब करा. रक्तक्षय झालेल्या लेकराला उपचारात रोज किलोमागे 3 मिलिग्रॅम लोह लागतं. आमची पोर साडेआठ किलोची, म्हणजे रोज पंचवीसेक मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी दिवसाला तीन किलोच्या वर बीट खाऊ घालावं लागेल, आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी लागतं ते थोडंच. वाटीभर रसाने त्या लेकराचं पोट भरलं, भूक मेली, आणि भाकरी-वरणही राहिलं.

आठ दिवसांची गोष्ट तर औषधानेही होत नाही. लोहाचं औषध सुरू केलं की चार-सहा दिवसांत भूक लागते, किरकिर कमी होते, पण हिमोग्लोबिन एक-दीड ग्रॅम वाढायला महिना जातो. दोन महिने रोज औषध, दर महिन्याला तपासणी. महिन्याभरात एक ग्रॅमही वाढलं नाही तर पुढच्या दवाखान्यात पाठवायचं, असं अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात स्पष्ट ठरलेलं आहे. आकडा बरोबर झाला म्हणून बाटली ठेवून द्यायची नसते. अंगातला साठा भरायचा बाकी असतो.

आता "बंद करा" या दोन शब्दांचा मला सगळ्यात जास्त राग आहे. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळतं त्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम लोह आणि थोडं फॉलिक अ‍ॅसिड असतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर. हा डोस रक्त कमी होऊ नये म्हणून. पोटातून आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं, म्हणून तेव्हापासून सुरुवात. शी काळी होते, खरं आहे. अंगी न लागलेलं लोह बाहेर पडतं, त्याने काळी होते. आतडी जळत नाहीत. दातांवर काळपट डाग पडतो तोही वरचा, जिभेवर मागे सोडून वरून पाणी पाजलं की बऱ्याच अंशी टळतो. भाचेसुनेने काळी शी बघितली आणि बाटली फडताळात ठेवली. ती बाटली मी पाहिली, जेमतेम चार डोस गेलेले.

एक गोष्ट मान्य करते, मन मारून. त्या बाईने मध्येच म्हटलंय, "प्रत्येक लेकराला लोह चालत नाही." हे अर्धं खरं आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे जन्मजात आजार असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह द्यायचं नाही. आपल्याकडे किनवट-माहूरच्या पट्ट्यात सिकलसेल आहेच. कुपोषणात फार खंगलेल्या किंवा तापाने फणफणलेल्या लेकराचंही डॉक्टरच ठरवतील. पण मग त्यावर उपाय रक्त तपासणं हाच ना? हीच बाई तपासू नका म्हणते!

गुळात लोह असतं, लोखंडी तव्यावरच्या भाजीत थोडं उतरतं, हेही खरं. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, मटकीची उसळ, वरून लिंबू पिळून द्या. खात असाल तर काळीज द्या, त्यातलं लोह चांगलं अंगी लागतं. हे सगळं औषधासोबत, औषधाऐवजी नाही. आणि लेकरांना चहात बुडवून टोस्ट देणं बंद करा. जेवणासोबतच्या चहाने लोह अडतं. नुसत्या दुधावर ठेवलेलं लेकरू बाळसेदार दिसतं, रक्त मात्र कमी असतं.

मधाचं एकच सांगते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

माती, राख, पाटीवरची पेन्सिल खाणारं लेकरू दिसलं की आधी हिमोग्लोबिन बघा. पुष्कळदा लोहच कमी निघतं. मातीतून जंतही जातात. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या मोहिमेत अंगणवाडीत जंतांची गोळी मिळते, वर्षाच्या पुढच्या लेकराला ती चुकवू नका.

गालांचा तर विषयच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 69 टक्के लेकरं रक्तक्षयाची निघाली. आधीच्या पाहणीत 54 होती. शेजारपाजारची तीन लेकरं घेतली तर त्यात दोन, आणि उन्हाने रापलेल्या गालांवर ते दिसत नाही. तळवा बघा, पापणी बघा, चालताना दम लागतो का बघा.

आमची पोर दोन दिवस दाखल होती. रक्त द्यावं लागलं नाही, रोजचं औषध सुरू झालं. परवा महिना भरला, आकडा 8.1. आता ती दारातल्या कोंबड्यांमागे पळते. वरणभाताला हाका मारायला लागत नाहीत.

भाचेसुनेच्या शेजारचे दोन कोयते, म्हणजे ऊसतोडीची दोन जोडपी, दिवाळीनंतर साखर कारखान्याला निघतील, सोबत अडीच आणि चार वर्षांची लेकरं. त्यांच्या आयांना मी एवढंच सांगून आले: जाण्याआधी अंगणवाडीतल्या ताईंकडून बाटली मागून घ्या. 50 मिलिलिटरची असते, आठवड्याला दोन डोस धरले तर पंचवीस आठवडे पुरते, म्हणजे पट्टा पडेपर्यंत, ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, उंच टांगून ठेवा, लेकराच्या हाताला लागू देऊ नका, एकदम प्यायलं तर विषबाधा होते.