लोकताकचं वाचून हतनूर आठवलं

मणिपूरच्या लोकताक सरोवरावरचा लेख वाचला. फुमडी पातळ होतेय हे बरोबर, पण कारण फारच घाईत उरकलंय. फुमडी म्हणजे गवत, मुळं नि कुजलेल्या पाल्याचा तरंगता थर. पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की तो तळाला टेकायचा, मुळं गाळातून पोसली जायची आणि पावसाळ्यात थर पुन्हा वर यायचा. १९८३ साली सरोवराचं पाणी अडवणारा इथाई बंधारा झाला, पाणी बारमाही चढं राहू लागलं आणि हे टेकणंच थांबलं. तिथल्या केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यानातलं संगाई हरीण याच थरावर जगतं हो! आणि २०११ मध्ये सरकारी यंत्रणेनं झोपड्या जाळल्या कुणाच्या, तर फुमडीवर राहणाऱ्या मासेमारांच्या. वाचताना फार वाईट वाटलं.

आम्ही हतनूर धरणाच्या फुगवट्याजवळचे, मुक्ताईनगर तालुक्यातले. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर आमच्या ओळखीचे एक भोई आजोबा जाळ्याला लागलेला गाळ बोटांत चोळतात आणि पाणी कुठवर ओसरलंय ते सांगतात. लोकताकवरही अशी जाणती माणसं असणारच. उन्हाळ्यात इथाईचे दरवाजे कधी, किती उघडायचे हे ठरवताना आधी त्यांना विचारा, एवढं तरी लेखात यायला हवं होतं.