हंगामी जिवंत

मंगळवारी सकाळी साडेअकराला इंदूरच्या एका बँकेत काउंटरवरच्या पोराने मला सांगितलं, "बाबूजी, आप नहीं आ रहे हो." मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. काचेच्या अर्धगोल भोकात मान घालून उभा होतो. तरी मी येत नव्हतो.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: दर नोव्हेंबरात आम्हाला आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. नोव्हेंबरचा भरवसा कुणी द्यावा? पूर्वी मॅनेजर चष्म्यावरून बघायचे, "काय, तब्येत बरी ना?" म्हणायचे आणि सही ठोकायचे. १० नोव्हेंबर २०१४ ला 'जीवन प्रमाण' सुरू झालं. आधार नंबर सांगायचा, यंत्रावर बोट टेकवायचं, की तुम्ही तुम्हीच आहात असा निरोप वरून येतो. माझ्या बाबतीत वरच्यांचं मत निराळं पडलं. चार वेळा.

"जोरात नका दाबू साहेब, कॉलबेल नाहीये ती," मागून आवाज आला. "कोणतं बोट लावून राहिले?"

वळून बघितलं. मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ, वयाने माझ्याच आसपास. मराठी आमच्या इंदुरी वळणाचं, म्हणजे क्रियापद मराठी आणि चाल हिंदी.

"तर्जनी," मी म्हणालो.

"तर्जनी!" देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जन्मभर दुसऱ्याकडे दाखवून दाखवून झिजलेलं बोट ते. ऑफिसात होते ना तुम्ही? मग झिजलंच. करंगळी लावा. करंगळीला आयुष्यात काम काय? शाळेत मास्तरांना दाखवली, तेवढीच."

करंगळी लावली. आली नाही. मधलं बोट लावलं. अनामिकेबद्दल त्यांना फार आशा होती, कारण तिने आपण देवाला गंध लावतो, तीही गेली. उरला अंगठा. इथे मी जरा अडलो. आमचे आजोबा अंगठा देत. वडील सही करायला शिकले तेव्हा घरात पेढे वाटले होते म्हणतात. मी एम. ए. झालो, छत्तीस वर्षं सरकारी कागदांवर सह्या केल्या, आणि शेवटी मी मीच आहे हे पटवायला पुन्हा अंगठाच! बरं, तोही नापास.

"तेल पाहिजे," मफलरवाले म्हणाले. "बोटं कोरडी पडली. डोक्यावर घासा."

मी त्यांना माझं डोकं दाखवलं. तिथे आता तेल लावावं असं काही उरलेलं नाही.

त्यावर या माणसाने काय करावं? मफलर सोडला, मान खाली घातली आणि चपचपीत तेल लावलेलं स्वतःचं डोकं माझ्यासमोर धरलं. "घ्या, घासा. संकोच नका करू, आवळ्याचं आहे."

भर बँकेत, टोकन नंबर ४२ च्या साक्षीने, मी एका अनोळखी माणसाच्या डोक्यावर दहाही बोटं घासली. रांगेतल्या एका बाईंना वाटलं आशीर्वाद चाललाय. त्यांनी आपल्या नातवाला पुढे ढकललं. पोरगं वाकलंही. मी त्याला "सुखी राहा" म्हणालो, दुसरं काय म्हणणार, आणि बोटं यंत्रावर ठेवली. काच तेलकट झाली. काउंटरवरच्या पोराने ती शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, "बाबूजी, अब ये मशीन भी नहीं आ रही."

आधारचा पहिला नंबर २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावात दिला गेला. माझे ठसे त्यानंतर दोन वर्षांनी घेतले. तेव्हा माझी बोटं नोकरीत होती. आता ती निवृत्त आहेत, भांडी घासतात, मेथी निवडतात. माणूस म्हातारा होतो तशी बोटंही होतात, हे ज्याने पेन्शनरांसाठीच हे यंत्र नेमलं त्याला सुचलं नसेल का? हे ठसे नव्याने नोंदवून घेता येतात, मान्य. त्यासाठी दुसरी रांग असते.

शेवटी पोराने कागदी फॉर्म काढला. तो अजून चालतो! मात्र त्यावर सही करणारे साहेब रजेवर. "कल आ जाओ." फॉर्म हातात घेऊन मी खुर्चीवर बसलो. मफलरवाले दोन कट चहा घेऊन आले आणि त्यातला एक देताना सरळ फॉर्मवर सांडला.

"तुमचं पण हेच काम?" मी विचारलं.

"छे! मी पासबुक छापायला आलोय. तीन दिवसांपासून प्रिंटर बंद आहे, म्हणून रोज येतो." मग समाधानाने म्हणाले, "आमचं तुमच्यासारखं नाही. आमची पीएफवाली पेन्शन. दाखला कोणत्याही महिन्यात द्या, तिथून बारा महिने चालतो. तुम्ही नोव्हेंबरवाले म्हणजे हंगामी जिवंत. आम्ही बारमाही."

इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली तेव्हा मफलरवाले तिथे सांच्यावर, म्हणजे मागावर, होते. मग पिथमपूरला एका कारखान्यात लागले. मिलचे थकलेले पैसे हातात पडले २०२३ च्या डिसेंबरात. पीएफवाल्या पेन्शनीची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. "माझी जरा जास्त आहे," ते म्हणाले, "पण किती ते नाही सांगत, नजर लागते." मी हसलो, आणि हसल्याची लाज वाटली. माझ्या पेन्शनीचा आकडा मग मी गिळून टाकला.

पण राग होताच, तो त्यांच्यावर काढला. म्हटलं, आयकर कापताना मी जिवंत आहे का, असं कुणी विचारत नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असा १९६९ चा कायदा आहे. म्हणजे मेलेल्यांची वही सरकारकडे, आणि त्या वहीत माझं नाव नाही हे सिद्ध करायला रांगेत उभा मी!

"अहो, लोक मेलेल्या बापाची पेन्शन खातात, म्हणून."

"मग त्यांना पकडा की."

"ते कसे सापडतील? ते रांगेत येत नाहीत ना!"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

तेवढ्यात पोराला दया आली, किंवा जेवणाची वेळ झाली. "चलो, फेस से कर देते हैं." २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला मिळतो, हे साडेअकरालाच का नाही सांगितलं, हे विचारायचं राहून गेलं. त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. पापण्यांची उघडझाप करायची. नवीन चष्मा, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन. पापणी काही वेळेवर लवेना. "पापणी मिटा, डोळा नका मारू!" मफलरवाले ओरडले. नातवाच्या आजीबाईंनी पदर सावरला. आशीर्वाद देणाऱ्या माणसाबद्दलचं त्यांचं मत तिथेच बदललं असणार.

स्वयंवरात पाच नळ ओळीने उभे होते तेव्हा दमयंतीने खरा ओळखला तो यावरूनच. देवांच्या पापण्या लवत नाहीत, माणसाच्या लवतात. दिल्लीने परीक्षा तीच ठेवली आहे. फरक इतकाच की दमयंतीला नळ हवा होता.

मी जिवंत असल्याचा मेसेज एक वाजून दहा मिनिटांनी आला. घरी बायको म्हणाली, "सत्तर रुपये दिले असते तर पोस्टमन घरी येऊन करून गेला असता." हे ती सोमवारीही म्हणाली होती.

बुधवारी सकाळी गाणं वाजवत कचरागाडी आली. ती कधी चुकत नाही. २०१७ पासून सलग सात वेळा हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते उगाच नाही. गाडीवरच्या पोराला आमच्या घरात कालची भाजी कोणती होती तेही माहीत असतं. मला बघून तो "नमस्ते बाबूजी" म्हणाला, पुरावा न मागता. मग सुक्याच्या डब्यातून चहाने भिजलेला तो फॉर्म त्याने दोन बोटांनी उचलला.

"बाबूजी, ये गीले में जाएगा कि सूखे में?"