एसएसडीचा वेग ‘अर्धाच’ का दिसतो: फोंड्याच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या एसएसडीला (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क) रिव्ह्यूत दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय, “खोक्यावर ५५० एमबी छापलंय, टेस्टमध्ये २७० येतात. अर्ध्या वेगाची एसएसडी गळ्यात मारली.” टेस्टचा आकडा बरोबर आहे. गळ्यात मारली, हे मात्र मान्य नाही.

एसएसडी ६ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) साटाची, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडायच्या नेहमीच्या पोर्टची; तुमच्या जुन्या मदरबोर्डाचा साटा पोर्ट ३ जीबीपीएसचा. त्या पोर्टमधून कागदावर सेकंदाला ३०० एमबी जातात, प्रत्यक्षात २६०-२८०. पोर्टला जेवढं झेपतं तेवढं सगळं तुम्हाला मिळतंय, आणि पैसे घेण्याआधीच हे सांगितलं होतं.

आता ५५० आले असते तर तुमचं काम लवकर उरकलं असतं का? तुमच्याकडे टॅली, जीएसटीचे रिटर्न, एक्सेल. यात मोठी फाईल सलग वाचायची वेळ क्वचितच येते. वाचायचे असतात ते चार-चार केबीचे बारीक तुकडे, डिस्कभर विखुरलेले. जुनी हार्ड डिस्क ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची होती. तिच्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, वाचणारं हेड जागेवर सरकायचा वेळ वेगळा. सेकंदाला असे तुकडे शंभरभर मिळाले तरी खूप, म्हणजे अर्धा एमबीसुद्धा नाही! पोर्ट ३ चा असो वा ६ चा, तो रिकामाच बसून होता. हायवे सहापदरी केला म्हणून जुनी बस काही जास्त पळत नाही.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तोच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात हाती येतो. तरीही अशा बारीक कामात चांगली साटा एसएसडी साधारण ३०-४० एमबीवरच असते, म्हणजे तुमचा ‘अर्धा’ पोर्टसुद्धा भरत नाही. टॅलीत कंपनी उघडताना ते निळं चक्र फिरत राहायचं, ते आता फिरतं का? रिव्ह्यूत ते कुठे दिसलं नाही.

“दुसरीकडे ३५०० एमबीची एनव्हीएमई देतात,” असंही तुम्ही म्हणता. एनव्हीएमई म्हणजे साटाऐवजी बोर्डावरच्या वेगळ्या स्लॉटमध्ये बसणारी, जास्त वेगाची एसएसडी. तुमच्या बोर्डावर तिचा स्लॉटच नाही. कार्ड लावून बसवली तरी इतक्या जुन्या बायोसमधून (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) विंडोज सहसा तिच्यावरून सुरू होत नाही. मग नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम. तसं विकलं असतं तर फायदा माझाच होता. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे येतात, त्यांना मी स्वतःहून एनव्हीएमईच घ्या म्हणतो. मोठमोठ्या फाईली दिवसभर इकडून तिकडे करायच्या तर तिथे तो वेग दिसतो.

तुमची जुनी डिस्क अजून दुकानातच आहे. तिच्यात मागच्या वर्षांचा डेटा आहे, चवथीच्या सुट्टीआधी घेऊन जा. येताना मशीन आणलंत तर टॅली तुमच्यासमोरच उघडून बघू. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं.