डॉटफाइल्स मोजून वापर कळत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रोग्रॅमर मंडळींच्या ग्रुपांवर सध्या एक दावा फिरतोय. लोकांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर उघड ठेवलेल्या हजारो डॉटफाइल्स, म्हणजे बॅश आणि झेडशेल (कमांड चालवणारे प्रोग्रॅम) आणि व्हिम (एडिटर) यांच्या सेटिंग्जच्या बॅशआरसी, झेडएसएचआरसी, व्हिमआरसी या फाइल्स उतरवून घ्या, ओळी मोजा, की कोण काय वापरतं याची खरी आकडेवारी मिळते; कोकणातल्या कॉलेजांनी लॅबमध्ये काय शिकवायचं तेही त्यावरूनच ठरवावं. मोजायला माझी ना नाही. वाद पुढच्या निष्कर्षाशी आहे.

म्हणे, जी ओळ जास्त फाइल्समध्ये सापडते ती लोकांच्या जास्त वापरातली. उबुंटू या लिनक्सवर नवा युजर तयार केला की त्याच्या होम फोल्डरमध्ये आयती बॅशआरसी येऊन पडते. तिच्यात एलएल, एलए, एल हे एलियास (कमांडची छोटी टोपणनावं) आधीच लिहिलेले असतात, ग्रेप या शोधायच्या कमांडला रंग देणारी ओळ असते, हिस्टसाइझ (किती कमांड लक्षात ठेवायच्या तो आकडा) १००० असतं. ती फाइल एकदाही न उघडता कुणी गिटहबवरच्या आपल्या रेपोत (कोडच्या फोल्डरात) टाकली, तरी मोजणीत तो एलएलचा वापरकर्ता ठरला! व्हिममधली 'सेट नोकम्पॅटिबल' तर याहून मजेशीर. युजरची व्हिमआरसी सापडली की व्हिम जुन्या व्हीआय एडिटरसारखं वागायचा मोड आपणहून बंद करतो, म्हणजे त्या फाइलमध्ये ही ओळ सहसा काहीच करत नाही. तरीही एकाची बघून दुसऱ्याने उतरवली, असं करत ती पसरत राहिली. शिवाय फोर्क केलेल्या, म्हणजे दुसऱ्याच्या नकललेल्या रेपो वेगळ्या काढल्या नाहीत, तर एकाच माणसाची आवड शंभर वेळा मोजली जाते.

ओळ दिसली नाही म्हणजे वापर नाही, ही उलट बाजूही तितकीच लंगडी. निओव्हिम या व्हिमच्या नव्या अवतारात ऑटोइंडेंट (ओळीची सुरुवातीची जागा आपोआप राखणं), हायलाइट सर्च (शोधलेला शब्द रंगवणं) मुळातच चालू असतात, त्यामुळे ते वापरणारा ती ओळ लिहीतच नाही. ओह माय झेडशेल या झेडशेलच्या तयार सेटिंग्ज-संचात प्लगिनच्या (जोड-प्रोग्रॅमच्या) यादीत नुसतं 'गिट' लिहिलं की एलियासांची मोठी फौज येते. फाइलमध्ये दिसतो एकच शब्द.

दुसरा मुद्दा एडिटरचा: मोजणीत व्हिम पुढे, म्हणून व्हिम शिकवा. पण नॅनो हा साधा एडिटर वापरणारे बहुतेक जण त्याची सेटिंग्जची फाइल, नॅनोआरसी, लिहायच्या फंदातच पडत नाहीत. व्हीएस कोड या एडिटरच्या सेटिंग्ज अकाउंटवरून सिंक होतात, त्या रेपोत ठेवायची गरज उरत नाही. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावाला आलेली मासळी मोजून रत्नागिरीत घरोघरी आज काय शिजलं ते सांगण्यातला हा प्रकार. फाइल नीट सजवून जगापुढे मांडणारा माणूस मुळात हौशी असतो, आणि लॅबच्या सामायिक पीसीवर बसणारं चिपळूण-कुडाळचं पोर या यादीत बहुधा नसतंच.

'पब्लिक आहे, मग घ्यायला काय हरकत?' मोजायला नाही. पण अशा फाइल्समध्ये विसरलेले टोकन (लॉगिनच्या गुप्त किल्ल्या) आणि पासवर्डही सापडतात. आकडे ठेवा, मूळ फाइल्सचा गठ्ठा पुढे वाटू नका.

या मोजणीचा खरा उपयोग टूल बनवणाऱ्यांना. डीफॉल्ट सोडून लोक मुद्दाम काय बदलतात ते तिच्यातून दिसतं, अर्थात आयत्या फाइलच्या ओळी आधी वजा केल्या तर.

कॉलेजला लॅबमधला वापरच हवा असेल, तर मुलांना विचारून, त्यांच्या परवानगीने बॅशची हिस्टरी (दिलेल्या कमांडची नोंद) बघावी. फक्त उबुंटूच्या त्याच आयत्या फाइलमध्ये हिस्टकंट्रोल 'इग्नोअरबोथ' असतं. लागोपाठ दिलेली तीच कमांड त्यामुळे एकदाच नोंदली जाते, आणि आधी स्पेस देऊन लिहिलेली नोंदलीच जात नाही. मोजायला बसण्याआधी तेवढं बदलून घ्यावं.