‘ट्रिगोनोमेट्रिकल’ संस्कृतातून आलेला नाही

इंग्रजांच्या काळातल्या भारताच्या मोजणीशी जोडलेल्या नागपूरच्या झीरो माइलच्या दगडाचा फोटो आणि खाली मजकूर: “जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. यातला ट्रिगोनोमेट्रिकल हा आपल्या त्रिकोणमितीचाच अपभ्रंश. इंग्रजांनी शब्दही चोरला, शास्त्रही.” नागपुरात हा मेसेज शिक्षकांच्या ग्रुपवरून दहावीच्या पोरांपर्यंत पोचलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“शब्द चोरला.” नाही. ‘ट्रिगोनोमेट्रिया’ हे नाव बार्थोलोमेउस पिटिस्कस या जर्मन गणितज्ञाने 1595 मध्ये आपल्या ग्रंथाला दिलं. ग्रीक ‘त्रिगोनोन’ म्हणजे त्रिकोण, ‘मेत्रोन’ म्हणजे माप. ‘ट्रिगोनोमेट्रिकल’ हे विशेषण त्यावरूनच पडलं. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनी स्थापनही झाली नव्हती.

“उच्चार जुळतो, म्हणजे आपलाच.” ग्रीक आणि संस्कृत या बहिणी, ‘त्रि’ दोघींनी माहेराहूनच आणला. ‘कोण’चं तर उलटंच असावं. ‘त्रिकोण’ ग्रीक ज्योतिषाबरोबर इकडे आला असं अनेक अभ्यासक मानतात. ‘केंद्र’ तर नक्कीच तिकडचा. आर्यभट त्रिकोणाला ‘त्रिभुज’ म्हणतो.

“त्रिकोणमिती हे प्राचीन नाव.” तेही नाही. भास्कराचार्यांनी या विषयाला ‘ज्योत्पत्ती’ म्हटलं. त्रिकोणमिती हा अलीकडे घडवलेला प्रतिशब्द.

“शास्त्र चोरलं.” याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण या खोट्यापायी खरी गोष्ट झाकली जाते. जीटीएसचा प्रमुख विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये नागपूरला येताना वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याची माणसं ज्या ‘साइन’वरून अंतरं काढायची, तो शब्द मात्र खरोखर इथून गेलेला. संस्कृतात ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी ‘जीबा’ केलं. अरबीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. नुसती ‘ज-य-ब’ ही अक्षरं पाहून पुढच्यांनी ‘जैब’ वाचलं, म्हणजे अंगरख्याचा गळा, घडी. आपल्याकडे हिंदीत खिशाला ‘जेब’ म्हणतात, तोच हा शब्द. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी त्याचं त्याच अर्थाचं ‘सायनस’ केलं, त्याचा झाला ‘साइन’. यात चोरी कुठेच नाही. अरबांनी ही विद्या भारताची म्हणूनच घेतली.

आणि ती नुसती नावाची नव्हती. आर्यभटाने 499 च्या सुमारास शून्य ते नव्वद अंशांचे पावणेचार-पावणेचार अंशांचे टप्पे पाडून लागोपाठच्या ‘ज्यां’मधले 24 फरक दिले. पहिला 225, सगळ्यांची बेरीज 3438, हीच त्याच्या वर्तुळाची त्रिज्या. ‘ज्या’ला त्रिज्येने भागलं की आजचा साइन मिळतो. 225 ला 3438 ने भागा आणि कॅल्क्युलेटरवर पावणेचार अंशांचा साइन काढा. दोन्हीकडे 0.0654 येतं.