कोल्हापूरचं नाव कुठे लावलंय बघा

आज ऑफिसातल्या एकीच्या निरोपाचं जेवण होतं. ठाण्यातलं बऱ्यापैकी हॉटेल. आमच्यातल्या एका उत्साही मुलाने कुणाला न विचारता सांगून टाकलं, "एक व्हेज कोल्हापुरी." आली. वर बोटभर लाल तेल, खाली फ्लॉवर, गाजर, फरसबी. शेजारची मुलगी नाक पुसत हसत होती, "तिखट असणारच ना, कोल्हापुरी आहे!"

डोकं फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून लिहितेय.

कोल्हापुरी म्हणजे घशात जाळ, हे ठरवलं कुणी? आपणच ना, पुण्या-मुंबईच्या लोकांनी? भाजीत तिखट जास्त पडलं की द्या कोल्हापूरचं नाव. चिवडा लाल झाला, कोल्हापुरी.

बोलतेय मी, पण गेल्या वर्षी पहिल्यांदा कोल्हापूरला गेले (वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हसा) तेव्हा मीही हेच केलं होतं. एका घरगुती खाणावळीत बसल्याबसल्या फर्मावलं, "मावशी, एकदम झणझणीत द्या हं!" मावशी वाढता वाढता थांबल्या. "नुसतं तिखटच पायजे तर मिरची चावायची की. जेवायला कशाला आलासा?" आणि माझ्यापुढे पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवली. "आधी ह्यो प्या."

प्यायले. अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, आणि मागून कुठूनतरी हळूच मिरी. मी गप्प. मग तांबडा आला. तिखट होता, नाही कशाला म्हणू? पण कांदा-लसूण चटणीचा खमंगपणा आधी कळला आणि तिखट मागाहून. "चटणी मी घरातच करतो," मावशी म्हणाल्या. हो, "करतो". तिकडच्या बायका असंच बोलतात आणि काय झोकात बोलतात! "ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. नुसती संकेश्वरी टाकून कसं चालंल?"

आता ज्याने खरी माझी चिडचिड होते ते. खाण्याच्या यादीपलीकडे या गावाचं गाणं कुणाला आठवतं का? थोर गवई अल्लादियाखाँसाहेब १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या पदरी आले आणि १९२२ मध्ये महाराज जाईपर्यंत त्यांचं गाणं कोल्हापूरच्या आश्रयाने वाढलं. पाव शतकाहून जास्त! त्यांच्या मुलांकडे, मांजीखाँ आणि भूर्जीखाँकडे, मल्लिकार्जुन मन्सूरांसारखे गायक शिकले. खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाईंची भैरवी तर १९७७ पासून व्हॉयेजर यानात बसून अंतराळात निघालीय. आणि या घराण्याचं नाव काय? जयपूर-अत्रौली. कोल्हापूर कुठेच नाही. कोल्हापूर फ्लॉवरच्या भाजीत!

हो, घराण्याला मूळ गावाचं नाव पडतं, आणि केसरबाई आणि खाँसाहेबांच्याच दुसऱ्या शिष्या मोगूबाई यांची तालीम बरीचशी मुंबईत झाली. मान्य. लगेच कमेंटमध्ये धावून येऊ नका.

त्या दिवशी जेवून केशवराव भोसले नाट्यगृहाकडे गेले होते. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' हे संगीत नाटक केलेला गायकनट. त्याच्या नावाचं नाट्यगृह त्याच्या जयंतीच्या आदल्या रात्री जावं! शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान, जवळच भेळेच्या गाड्या. बराच वेळ बाहेरूनच बघत राहिले. मग लक्षात आलं की माझ्याही हातात भेळेचा कागद आहे आणि मी खातेय. म्हणजे कुणाला बोलायचं?

मघाशी रागात होते, आता तेवढी नाही. मावशी आठवल्या की राग टिकत नाही.

खाणावळीतून निघताना मी त्यांना देवल क्लब, म्हणजे तिथली गाण्या-वाजवण्याची जुनी संस्था, कुठे विचारलं होतं. मनात म्हटलं, यांना काय माहीत असणार. शहरी शहाणपणा, दुसरं काय. मावशी हात पुसत म्हणाल्या, "माझा बारका तिथंच जातोय की तबल्याला. घरात दिवसभर ठोकतोय, डोस्कं उठवतोय नुसतं." तोंडाने तक्रार आणि चेहरा कौतुकाने असा फुललेला! न मागता पांढऱ्याची दुसरी वाटी आणली. उभ्या उभ्याच प्यायला लावली. पैसे घेतले नाहीत तिचे.

आज बिल आल्यावर वेटरने हसून विचारलं, "मॅडम, कशी होती कोल्हापुरी?"

एवढं सगळं ओठांवर होतं. "तिखट होती," म्हटलं आणि बडीशेप उचलली.